युसूफभाईची पालथी पाटी

दामूअण्णांच्या फोटोखाली हात जोडणाऱ्यांनो, आधी आपापलं गोणपाट मागे घ्या.

काल रात्री अण्णा गेले. आमच्या नदीकाठच्या फुलबाजारात माझ्या शेजारी बसून उभा जन्म झेंडू विकला या माणसाने.

सकाळपासून सगळ्या बाजाराचं स्टेटस एकच. अण्णा, अण्णा, अण्णा.

मग मीही सांगते.

अण्णांची लेक सुमी कॉलेजात शिकवते. गेल्या वर्षी तिने समाजमंदिरात पडदा लावून आम्हा बाजारवाल्यांना एक परदेशी सिनेमा दाखवला. लढाईच्या काळातला. एका ज्यू शिंप्याला बायकापोरांसकट ट्रकात घालून नेतात. शेजारी खिडकीतून बघतात. कुणी दगड मारत नाही, शिवी देत नाही.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरची बाई आपली गादी घेऊन वर जाते आणि त्यांच्या पलंगावर टाकते. बस.

आमची मंडळी काय रडली. शांताबाईचा पदर भिजला. "शेजारी म्हणायचं का गं असल्यांना?" म्हणाली.

मग चहा-भजी झाली.

पुढे गणपती आले. मोबाईलवर मेसेज फिरला, देवाची फुलं 'त्यांच्या'कडून घेऊ नका. आमच्यात 'ते' म्हणजे एकटा युसूफभाई. निशिगंधाचा हार करावा तर त्यानेच. कुणीतरी येऊन दम देऊन गेलं, तो घाबरून घरी बसला.

आमच्या बाजाराची रीत अशी, की कुणी आजारी पडलं, गावी गेलं, तर त्याची फुलांची पाटी त्याच्या जागेवर पालथी घालायची. त्या जागेला कुणी हात लावत नाही. माझ्या बाळंतपणात माझीही जागा अशीच राहिली होती.

अण्णांनी युसूफभाईची पाटी पालथी घातली.

आणि मंडळी सरकायला लागली. रोज चार बोटं. इकडून शांताबाईची शेवंती, तिकडून रमेशचे गुलाब. पाटीला लाथ नाही मारली हो कुणी. नुसते सरकले.

"शांताबाई, सिनेमात रडली ना तू?" अण्णांनी विचारलं.

"ते वेगळं, अण्णा. ती माणसं लय वाईट. आम्ही काय केलं? जागा मोकळीच पडली होती."

मोकळी म्हणे.

शेवटी पाटीपुरतीही जागा उरली नाही. मग अण्णांनी ती स्वतःच्या गोणपाटावर घेतली आणि आपण गटारीच्या कडेला अर्धे बाहेर बसले. या वयात.

रमेश रोज विचारायचा, "काय अण्णा, पाटीला गिऱ्हाईक आलं का?"

तोच आज लिहितोय, 'देवमाणूस गेला'. सोयीचं असतं ते. त्यांना देव केलं की आपल्याला माणूस व्हायला नको.

आज अमरधामात युसूफभाई सगळ्यांच्या मागे उभा होता. हातात निशिगंधाचा हार, पण पाय पुढे येईना. सुमीने हाताला धरून आणलं, अण्णांच्या छातीवर हार ठेवायला लावला.

"उद्यापासून बाबांच्या जागेवर बसा, चाचा."

"बसू देतील का, बेटा?"

सुमी माझ्याकडे बघायला लागली.

"मी शेजारीच असते," म्हटलं. "ये तू, युसूफभाई."

तिथून थेट बाजारात आले. शांताबाई माझ्या आधी पोचलेली. डोळे अजून लाल, आणि शेवंतीचा ढीग अण्णांच्या गोणपाटावर.

ढीग उचलून तिच्या पदरात घातला. अण्णांची पाटी पालथी घातली, शेजारी युसूफभाईची. आणि तिथेच बसून हे लिहितेय.

जा अण्णा, निवांत जा. भावपूर्ण काय ते बाकीचे लिहितीलच.

उद्या सकाळी युसूफभाईची पाटी मी सुलटी करते.