रविवारी अप्पा येत नसत

पुण्याच्या कंपनीने कायमचं घरून काम करायची परवानगी दिली, तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं की गुलबर्ग्याला स्वस्ताई आहे म्हणून मी तिकडे चाललेय. ते खोटं नव्हतं. पुण्यात ज्या भाड्यात मला एक खोली आणि भांडखोर शेजारीण मिळत होती, त्यात इथे तीन खोल्या आणि गच्ची मिळाली. गच्चीवर उभं राहिलं की शहर संपतं तिथून पुढे नजर पोचेल तिथवर सपाट काळं रान, त्यात तूर. पण खरं कारण अप्पा होते. आई गेल्यापासून माझे वडील आमच्या गावी, आळंदला, एकटे राहत होते आणि पुण्याला येणार नाही म्हणजे नाही, असं त्यांचं होतं. म्हटलं, आपणच जवळ जाऊ. आळंदहून तासाभराचं शहर, तिथे तरी माझ्याजवळ येऊन राहतील.

अप्पा आले. मी सामान लावलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दहाला पाच कमी असताना, डबा घेऊन दारात हजर. माझ्या टेबलाशेजारी खुर्ची ओढून दिवसभर बसले आणि साडेपाचला उठून आळंदच्या गाडीने परत गेले. पहिला दिवस आहे, रमतील हळूहळू, असं मला वाटलं. दीड महिना झाला तरी तेच. त्यांच्यासाठी मांडलेल्या पलंगावर मी धुतलेले कपडे टाकायला लागले.

रोज दोन तास एसटीत हाडं खिळखिळी करून घ्यायची, पण मुक्काम करायचा नाही. बरं, माझा मोकळा वेळ म्हणजे संध्याकाळ आणि रविवार. नेमक्या त्याच वेळी अप्पा नसत. शनिवारी यायचे, कारण त्यांच्या हिशेबी शनिवार कामाचा. रविवारी मी ज्वारीची भाकरी, पुंडीची म्हणजे अंबाडीची भाजी करून वाट बघायची आणि एकटीच जेवायची. लेक आवडते म्हणावं तर राहत नाहीत, नावडते म्हणावं तर रोज येतात. माझं डोकं चालेना.

त्यात त्यांचे प्रश्न. मी विम्याचे दावे तपासते; म्हणजे ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून पोचा जुना की नवा ते ठरवते. अप्पा तास-तास ते फोटो बघत. एकदा हळूच विचारलं, पगार पुरा देतात की अर्धा. पुरा, म्हटल्यावर त्यांना ते पटलं नसावं. दुसऱ्यांदा, साहेब लोकांशी स्क्रीनवर बोलणं झाल्यावर, म्हणाले की जे काय असेल ते लेखी देत जा, तोंडी काही कबूल करू नको. मी हो म्हटलं. कशाला हो म्हटलं ते मला कळलं नव्हतं. वर राहणाऱ्या घरमालकीण अक्कांना विचारलं, आमचे अप्पा तुमच्याशी काही बोलले का. तर अक्का माझ्याकडे इतक्या मायेने बघायला लागल्या की मीच विषय बदलला. त्या दिवसापासून वरून ताक यायला लागलं.

मग एका गुरुवारी साहेबांनी सगळ्यांसमोर मला झापलं. एका फाइलला उशीर झाला होता, चूक माझी नव्हती, पण सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ते संपल्यावर मी टेबलावर डोकं ठेवून बसले. अप्पांनी उठून दार लावलं, खुर्ची आणखी जवळ घेतली आणि विचारलं, "किती दिवस झाले तुला सस्पेंड करून?"

मला हसूच फुटलं.

"हसू नकोस. मी आठ म्हयने हुतो."

माझं हसणं तिथेच थांबलं. मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट, अप्पांनी मला पहिल्यांदाच सांगितली. अप्पा निंबर्ग्याच्या शाळेत मास्तर. कुणीतरी खोटा अर्ज केला आणि चौकशी लागली. आईला ठाऊक होतं. आम्हा पोरांना कळू नये म्हणून अप्पा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि निंबर्ग्याऐवजी गुलबर्ग्याच्या गाडीत बसायचे. इथे तलावाच्या काठी दिवस काढून शाळा सुटायच्या हिशेबाने घरी यायचे. मी त्यांना रोज विचारायची, आज शाळेत काय शिकवलं. ते रोज काहीतरी सांगायचे.

"सांच्याला घरी जाता येतंय," अप्पा म्हणाले. "ऐतवारी समदेच घरी असतेत. पर दहा ते साडेपाच सरत न्हाई बाई. तवा कुनीतरी निस्तं बाजूला बसाय पायजे हुतं."

मी रडले, आणि मग त्यांना सगळं समजावून सांगितलं. घरून काम म्हणजे शिक्षा नाही, नवी रीत आहे, अर्धं ऑफिस असंच बसतं. नेमणुकीचं पत्र दाखवलं, पगाराची चिठ्ठी दाखवली. त्यांनी चष्मा पुसून दोन्ही वाचली. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला मी आई गेल्यापासून पाहिला नव्हता. त्या दिवशी ते साडेपाचची वाट न बघता चारलाच निघाले.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर म्हणाले, तू ड्युटीवर आहेस, ड्युटीवरच्या माणसाजवळ बसू नये, मी कुणाला वर्गाच्या दारात उभं राहू दिलं नव्हतं. आवाज खूश होता. मी फोन ठेवला आणि मला कळेना की मी काय करून बसले. खरं सांगितलं तेही चुकलं का? आठवडाभर मी पोचे बघत राहिले आणि दहा वाजले की उगाच दाराकडे बघत राहिले. चिडले त्यांच्यावर. मग स्वतःवर चिडले, कारण ज्यासाठी इथवर आले ते मी त्यांना एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं. खोल्या मोठ्या आहेत, हवा बरी आहे, दवाखाना जवळ आहे, एवढंच म्हटलं होतं.

शुक्रवारी काम चालू असतानाच फोन लावला.

"अप्पा, मला करमंना गेलंय. मलाबी कुनीतरी बाजूला बसाय पायजे."

"तुला काय झालंय? नोकरी हाय की चांगली."

"हाय. तरीबी पायजे. सांच्यालाबी, ऐतवारीबी."

पलीकडे कपाटाचं दार करकरलं. अप्पांनी विचारलं, "कपडे किती दिवसांचे घेऊ?"