घरचं कोन हाय का तिथं?

आमच्या कळंबच्या मच्छीमार सोसायटीत वायरलेस आहे. बोटी लांब गेल्या की मोबाईल लागत नाही, मग सगळं बोलणं त्याच्यावरच. मासळी किती मिळाली, बर्फ पुरेल का, कोणाचं इंजिन बिघडलं. आणि हे बोलणं खासगी नसतं बरं का! इकडे खोलीत बसलेले सगळे ऐकतात, तिकडे आजूबाजूच्या बोटीही ऐकतात. बोटीवर कोणी आजारी पडलं तर गावातल्या डॉक्टरांना बोलावतात. ते माईक हातात घेऊन समुद्रातल्या माणसाला तपासतात. नाडी बघायची सोय नाही, पोट दाबून बघायची नाही. तो जे सांगेल त्यावरच सगळी मदार.

माझा नवरा आमच्याच बोटीवर तांडेल होता, बोट तोच चालवायचा. त्या दिवशी मी बोळिंजच्या बिल्डिंगींमध्ये मासळी विकून परतले, तर शेजारीण दारातच म्हणाली, "तुझ्या माणसाला बरं नाय, डॉक्टर सोसायटीत आलेत." टोपली अंगणात टाकली आणि पळत सुटले. आता मी कशी आहे ते गावाला ठाऊक. घरात कोणाला साधा ताप आला तरी सगळी आळी गोळा करणारी बाई मी! डॉक्टरांच्या हातातला माईक ओढून घेतला नि ओरडले, "अवो, काय झालंय तुमाला?"

खरखरीतून त्याचा आवाज आला, "आली का ही? संपलं! आता मला दुखायची पन चोरी."

खोलीतले सगळे हसले. मीसुद्धा हसले. डॉक्टरांनी माईक परत घेतला. छातीत दुखतंय का, हात जड वाटतोय का, घाम येतोय का, सगळं विचारलं. त्याचं आपलं एकच, नाय. रात्री कालवण जास्त झालं, पित्त उसळलंय, बाकी काय नाय. डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारलं. पुन्हा नाय. मग त्यांनी पित्ताची गोळी सांगितली, पडून राहा म्हणाले, आणि मी निवांत घरी येऊन भात टाकला.

संध्याकाळी बोट त्याचं मढं घेऊन आली. चुलत दीर त्याच्याबरोबर होता. तो रडत सांगत होता, "वहिनी, बोलताना त्याचा सदरा घामानं चिंब झालेला. डावा हात उचलत नव्हता. मी मध्ये बोलायला गेलो तर डोळे वटारले. म्हनाला, गप, ती ऐकतेय."

छातीत दुखलं तर चावायची गोळी बोटीवरच्या औषधांच्या डब्यात होती. खरं कळलं असतं तर डॉक्टरांनी ती सांगितली असती, बोट तेव्हाच फिरवायला लावली असती. वाचला असता की नाही, ते डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. पण अरे, विचारणाऱ्याला खरं तर सांगायचं! मी घाबरू नये म्हणून हा माणूस मेला. मला अजून त्याचा राग येतो. भांडायला तो समोर नाही, म्हणून जास्तच येतो.

तेव्हापासून वायरलेसवर डॉक्टर आले की मी सोसायटीच्या दारात जाऊन उभी राहते. आजाऱ्याच्या घरच्यांना आत सोडत नाही. हे काम मला कोणी दिलेलं नाही.

परवा दुपारी आमच्या आळीतल्या एका पोरीचा नवरा बोटीवर पोट धरून बसला. ती धावत आली. मी दारात आडवी झाले.

"सोड मला, मावशी! माझा नवरा हाय तो!"

"म्हनूनच नाय सोडनार."

तिने मला ओरबाडलं, नाही नाही ते बोलली. मी तिला कवेत धरून ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "ओरडू नको, तुझा आवाज त्याला जाईल."

आतून वायरलेसवर तो बोलताना ऐकू आला. "डॉक्टर, घरचं कोन हाय का तिथं?"

"कोणी नाही," डॉक्टर म्हणाले. "बोल तू."

आणि तो ओरडलाच. आई गं, मेलो, उजव्या बाजूला सुरी फिरल्यासारखं होतंय, उभं राहवत नाय. डॉक्टर भराभर विचारत होते, तो रडत रडत सगळं खरं सांगत होता. बोट आत्ताच्या आत्ता फिरवा, अँब्युलन्स बंदरावर आणतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. पोरगी माझ्या खांद्यात तोंड खुपसून बसली होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत होते, "ओरडू दे गो त्याला. ओरडू दे."

मग मलाच रडू फुटलं. माझ्या माणसाने तेवढ्या दुखण्यात मला हसवलं होतं.