वैशाखातला थर्मामीटर

तुमच्या घरातलं यंत्र हवा किती तापली ते स्वतःच ओळखतं आणि गारवा सोडतं, असं तुम्ही फोनवर सांगितलंत. आमच्याकडे म्हसावदला असं ओळखणाऱ्या दोनच गोष्टी होत्या: माझ्या सासूबाईंचा हात, आणि मॅट्रिक होऊन सासरी येताना मी आणलेला काचेचा थर्मामीटर. वैशाखातल्या एका दुपारी दोघांचं पटेना.

तुमची आई तेव्हा पाळण्यात होती. सकाळपासून दूध घेत नव्हती. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि ताप नाही म्हणाल्या. मी थर्मामीटर झटकून तिच्या काखेत धरला, तर पारा एकशे सातवर. पुन्हा लावला, पुन्हा तेच. तुमच्या आजोबांनी शहाद्याच्या डॉक्टरांकडे जायला गाडी जुंपली. सासूबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“या उनमा पोर वाटमाच जाई. तू काचनं ऐकशी, मन्हा हातनं नही?”

न न्यावं तर तापाची भीती, न्यावं तर उन्हाची. मी पाळण्यापासून दारापर्यंत नुसती येरझारा घालत होते. परत पारा झटकून खाली आणला, पण पोरीनं आकांत मांडला, काखेला हात लावू देईना. तिला थोपटून काचेकडे पाहिलं, तर कोणालाही न लावता पारा एकशे सातवर जाऊन बसलेला; आणि एकदा चढला की झटकल्याशिवाय तो उतरत नाही.

सासूबाईंना ते सांगितलं.

“मंग घरलेच ताप शे,” त्या म्हणाल्या. घरालाच ताप आलाय म्हटल्यावर एरवी हसलो असतो, तेव्हा हसू कोणालाच आलं नाही.

माठातलं पाणी पेल्यात घेऊन मी थर्मामीटर त्यात निववला, झटकला आणि लगेच काखेत सारला. एकशे तीनला थोडा कमी. म्हणजे ताप होताच. सासूबाईंनी मग स्वतःचा हात त्याच पेल्यात बुडवला, पदराला पुसला आणि पुन्हा कपाळाला लावला. उकाड्यानं तापलेल्या तळव्याला मघाशी पोर गार लागली होती. आता त्या घाबरल्या, आणि ताप एकशे सात नाही म्हणून मला मात्र जरा धीर आला.

बैल सोडायला सांगितले. आम्ही दोघी ओल्या फडक्यानं तिचं अंग पुसत बसलो. फडकं हातातच वाळायचं. मधूनमधून काच निववून पाहायची. पारा वर गेला नाही. ऊन कलताच निघालो. सासूबाई कोणाला न विचारता गाडीत चढल्या, मांडीवर पाण्याचा तांब्या घेऊन, आणि शहादा येईपर्यंत सारखा पारा विचारत राहिल्या, “आते किती?”