पंख्याला हात लावायचा नाही

एडवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना गाडी भाड्याने फिरवायला द्यायची जागा गावातल्या मंडळींनी मला एकाच अटीवर दिली होती. दिवाळीपासून होळीपर्यंत दर शनिवार-रविवार गाडी फिरताना दिसली पाहिजे. ओळीने दोन आठवडे दिसली नाही, तर जागा दुसऱ्याला. सुरूच्या झाडांखालून वाळूकडे उतरणारा तो पट्टा मी तीन बैठकांमध्ये भांडून मिळवला होता. भांडल्याशिवाय मला आयुष्यात काही मिळालेलं नाही, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

बोईसरला आलो तेव्हा कारखान्यांच्या गेटवर रोजंदारीच्या रांगेत उभा राहायचो. तिथून हेल्पर झालो, फिटर झालो, मग तारापूरच्या कारखान्यांमधल्या, गरम पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरच्या देखभालीचं काम स्वतःच्या नावावर घेऊ लागलो. वीस वर्षं मी टॉवरवर चढून पंखे बसवले. ज्या कारखान्यावर माझं घर चालायचं, त्याने एका दुपारी फोन करून सांगितलं की पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. कारण विचारलं तर समोरचा म्हणाला, “वरून आलंय.” वर चढणारा माणूस मीच होतो. त्याच्याही वर कोण होतं ते मला आजवर कळलेलं नाही.

म्हणून एटीव्ही घेतली, वाळूवर चालणारी चार जाड चाकांची उघडी गाडी. वाणगावच्या एका चिकूवाडीत मालकाच्या मुलाने हौसेने आणलेली स्पोर्ट गाडी दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून होती. विकायचं काम वाडीच्या राखणदाराकडे होतं. मी दोन फेऱ्या मारल्या, टायरात खोट काढली, सीटच्या फाटक्या शिवणीत खोट काढली, आणि वर हेल्मेटही मागून घेतलं. राखणदार वैतागला होता. पण निघताना त्याने एक गोष्ट सांगितली.

“दादा, ही पळवायची गाडी हाय. रांगवायची नाय. हळू चालवली का तापते.”

“तापू दे,” मी म्हणालो. “तापलेलं थंड करण्यातच माझी हयात गेली.”

त्याचं म्हणणं खरं होतं. या गाडीचा रेडिएटर पुढे असतो. वेगात असली की समोरचा वारा त्याला गार ठेवतो. किनाऱ्यावर मात्र घाबरलेली गिऱ्हाइकं मऊ वाळूत पहिल्या गिअरमध्ये गाडी रेटत नेतात. वारा मिळत नाही, सगळा भार रेडिएटरमागच्या छोट्या पंख्यावर येतो. ते मला कळत होतं. पंख्याच्या बाबतीत मला कळत नाही असं काही नव्हतंच.

पहिले तीन आठवडे गाडी बरी चालली. तक्रार एकच यायची, पाय भाजतात. चड्डी घालून आलेली माणसं उतरताना पोटऱ्या चोळायची. मी हात लावून पाहिला. पंखा रेडिएटरमधून हवा ओढून मागे, बसणाऱ्याच्या पायांवर फेकत होता. मला हसू आलं. टॉवरवर शिकलेला पहिला धडा म्हणजे गरम हवा बाहेर फेकायची. मोटरची जोडणी चुकली आणि पंखा उलटा फिरला, तर दोन वायरींची अदलाबदल करायची. मी किती वेळा ते केलं होतं. इथेही कुणीतरी चुकीची जोडणी केलेली दिसत होती. खाऱ्या हवेने पंख्याचा कनेक्टर हिरवा पडलाच होता. तो कापून टाकला, नवा बसवला आणि वायरी बदलल्या. पंखा सुरू होताच गाडीच्या नाकासमोर तळहात धरला. गरम हवा बाहेर येत होती, अगदी टॉवरसारखी. त्या दिवशी मी खूश होतो, हे आज लिहायलाही जड जातं.

पुढच्या शनिवारी दुसऱ्याच फेरीला इंजिन तापल्याचा लाल दिवा लागला. रविवारी चौथ्या फेरीला. मी गाडी उभी करायचो, इंजिन चालू ठेवून पंखा फिरू द्यायचो. उभी करायला भाड्याने घेतलेली जागा एका मावशीच्या अंगणाच्या कडेला होती. मावशी माहेरची सातपाटीची, तोंडाने फाटकी. अंगणात बांबूच्या वलांड्या बांधून ती बोंबील वाळवायची.

“ए गाडीवाल्या, तोंड फिरव तिचं,” एकदा ती ओरडली.

“का? तुमचं काय खाल्लं तिने?”

“माज्या बोंबलांवर गरम वारा सोडते. पेट्रोलचा वास लागला तर तू खाशील काय?”

“गाडी कुठे तोंडाने वारा सोडते, मावशी?”

“ही सोडते ना! तुज्यासारखीच हाय, सगली गरमी तोंडातून.”

शेजारच्या अंगणातल्या बायका हसल्या. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, जागेचं भाडं वाढवून मागायची ही तिची रीत. मी सुनावलं की ठरलं त्याच्या वर एक पै मिळणार नाही. ती म्हणाली, “पैशाचं कोण बोललं रे?” आणि पाठ फिरवून बोंबील उलटायला लागली. मीही गाडी फिरवली नाही. ती म्हणाली म्हणून तर मुळीच नाही.

मग बोईसरच्या मेकॅनिककडे गेलो. माणूस वयाने माझ्याएवढा, कमी बोलणारा. त्याने गाडीकडे पाहिलं आणि म्हणाला, “शेठ, ठेवून जा. सगली बघतो.”

सगळी बघतो म्हणजे काय, ते मला माहीत आहे. कंत्राटदार म्हणून मीही तसंच म्हणायचो. मी त्याला कामं मोजून दिली. थर्मोस्टॅट बदलायचा, कूलंट नवा भरायचा, रेडिएटरमधली वाळू धुवायची. बस.

“पंखा?” त्याने विचारलं.

“पंख्याला हात लावायचा नाही. तो मी स्वतः बसवलाय. पंख्याच्या नावाखाली बिल वाढवायचं असेल तर आत्ताच सांग, दुसरीकडे जातो.”

चहाच्या टपरीवरची दोन माणसं वळून बघायला लागली. त्याने मान हलवली.

थर्मोस्टॅट बदलला, गाडी तापली. पुन्हा गेलो. रेडिएटरचं झाकण बदललं, गाडी तापली. आणखी दोनदा गेलो. दर वेळी घासाघीस करून काम ठरवलं, दर वेळी पंखा सोडून. मनात त्या राखणदाराला शिव्या घालत होतो. मला खात्रीच होती की इंजिन आतून गेलेलं होतं आणि त्याने ते लपवलं.

मग एका रविवारी एक बाप आपल्या मुलीला मागे बसवून पाण्याच्या कडेने गेला. दिवा लागला तर थांबायचं, हे मी बजावलं होतं. मुलीचं फोटो काढणं संपेना, तो थांबला नाही. लांबून पांढरी वाफ दिसली. मी पोचेपर्यंत इंजिन खडखडून बंद पडलं होतं. बाप वाळूत उभा राहून मलाच विचारत होता, “काका, यात आमची काही चूक नाही ना?” मी त्याला फार वाईट बोललो. मुलगी रडायला लागली.

गाडी टेम्पोत घालून बोईसरला आणली. मेकॅनिकने इंजिनचं हेड उघडलं. वाकलं होतं. सिलिंडरला खोल ओरखडे पडले होते. तसा भाग इकडे मिळत नाही, मिळाला तरी महिन्यांनी. जागा टिकवायला माझ्याकडे दोन आठवडे होते. मी तिथल्या उलट्या डब्यावर बसलो.

त्याने पंख्याला बॅटरीवरून थेट वीज दिली, एक जुनी पावती घेतली आणि रेडिएटरच्या समोर धरली. पावती उडून माझ्या पायाशी पडली. मग त्याने वायरी बदलल्या आणि पावती पुन्हा धरली. ती रेडिएटरला चिकटून राहिली.

“गाडी पुढे जाते शेठ. वारा पुढून आत येतो. पंख्यानं त्याला आत वढायचा. तुमचा पंखा येणाऱ्या वाऱ्याला ढकलत व्हता.”

टॉवर जागचा हलत नाही. वीस वर्षांत ही गोष्ट मला एकदाही वेगळी आठवावी लागली नव्हती.

“तुला कधीपासून माहीत होतं?” मी विचारलं.

“पयल्या दिवसापासून. चालू केली तवाच पुढून गरम वारा हाताला लागला.”

“मग बोलला का नाहीस?”

तो चिंधीला हात पुसत राहिला. “तुमी बोलले, पंख्याला हात लावायचा नाय. नाय लावला.”

“हात लावू नको म्हणालो, तोंड बंद ठेव म्हणालो नव्हतो!”

“तोंड उघडलं असतं तर बिल वाढवतो बोलले असते. चार मानसांत बोलले व्हते तसंच.”

मी ओरडलो. माझा धंदा बुडवलास म्हणालो, माणूस आहेस का म्हणालो. तो ऐकून घेत होता. माझं ओरडणं संपल्यावर त्याने पंख्याची वायर काढली.

चूक माझी आहे, हे मी घरी कबूल केलंय. पण तो माणूस महिनाभर दर आठवड्याला मला येताना पाहत होता, मी सांगितलेलं निरुपयोगी काम इमानाने करत होता आणि गप्प होता. हे मी विसरणार नाही. माझ्या हाताखालच्या माणसांना मीच शिकवायचो, सांगितलं तेवढंच काम करायचं, फुकटचा सल्ला द्यायचा नाही. त्याला हे कुणी शिकवलं, माहीत नाही. त्याच्या दुकानावरून जायला लागू नये म्हणून मी अजूनही लांबच्या रस्त्याने जातो.

दोन आठवडे गेले. जागा एका घोडागाडीवाल्याला मिळाली. मी फेरीच्या हद्दीसाठी रोवलेले बांबू काढायला एडवणला गेलो, तेव्हा तो घोड्याला पाणी पाजत होता.

“राहू द्या ना काका, मला कामाला येतील. काय द्यायचं?”

मी आकडा सांगितला. त्याने निम्मा केला. मी तो पुन्हा चढवत राहिलो, त्याच्या घोड्याला, गाडीच्या रंगाला, त्याच्या गावालाही नावं ठेवली. अर्धा तास गेला.

“नको मग,” तो म्हणाला. “सुरूच्या फांद्या तोडीन दोन.”

बांबू खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आलो. एसटी आली. कंडक्टर म्हणाला, हे आत घेता येणार नाहीत. मी तोंड उघडलं, भांडायलाच. मग ते मिटून बांबू रस्त्याच्या कडेला ठेवले. गाडी थोडा वेळ थांबली आणि निघून गेली.