पाहुण्यांसाठी चीज स्ट्रॉ

मैद्यात लोणी, ओवा आणि किसलेलं चीज घालून मळलेला गोळा फ्रीजमध्ये गार होतोय, तेवढ्यात विदुला ओट्याशेजारच्या खुर्चीत डोळे मिटते. भर दुपार आहे. पाच वाजता मृणालच्या होणाऱ्या सासरची माणसं लग्नाची तारीख पक्की करायला येणार. सकाळीच लेकीच्या दंडावर तिने चार निळे डाग पाहिलेत, होणाऱ्या जावयाच्या, हर्षदच्या बोटांचे. मृणाल म्हणाली, दार लागलं. विदुला गप्प बसली. बसणारच, तीस वर्षं दुसरं केलंय काय या बाईने?

डुलकी लागते न लागते तोच दिनकरराव ओट्याशी उभे. नवरा जाऊन दोन वर्षं झाली, पण शर्ट कडक इस्त्रीचा. भाजलेल्या चीज स्ट्रॉची एक कांडी उचलून ते मोडतात. ती कट्कन मोडत नाही, नुसती वाकते.

हे घरातलं जुनंच प्रकरण. पाहुणे बाहेर बसलेले असायचे आणि स्ट्रॉ मऊ निघाली की दिनकरराव आत येऊन आधी रिकामा मिक्सर लावायचे. मग त्या घरघरीत हाणायचे, चेहरा तेवढा सोडून. बाहेरच्यांना वाटायचं, वहिनी चटणी वाटतायत. मेल्याची अक्कल बघा केवढी!

आताही मिक्सर सुरू होतो. लाटणं बरगडीत बसतं. विदुला कोसळते ती थेट दिवाणखान्यात, पाहुण्यांच्या पायांशी. ते पाय वर घेतात आणि खात राहतात. खालची फरशी म्हणजे ओव्हनमधला ट्रे आहे, दिनकरराव तिचा तळवा त्यावर दाबून धरतात, कातडी चरचरते. समोर कोचावर शालू नेसलेली मृणाल. तिच्या मांडीवर नवा कोरा मिक्सर, आहेरात आलेला.

"तिला काही सांगायचं नाही," ते म्हणतात. "लग्न मोडेल."

"मोडू दे."

ते तिच्या तोंडावर हात दाबतात. विदुला चावते, मनगटाच्या हाडाला दात लागेपर्यंत. रक्त हनुवटीवरून ओघळतं, ते गुरासारखे ओरडतात, ती सोडत नाही. लाटणं हाताला लागतं तशी ती त्यांच्या डोक्यात घालते. दोनदा, पाचदा. खरं सांगायचं तर तिला बरं वाटतं. फार बरं वाटतं.

जाग येते तेव्हा तोंड खारट झालेलं असतं आणि दाताखाली काहीतरी कडक. ती हातावर थुंकते. पुरुषी शर्टाच्या बाहीचं पांढरं बटण, तुटका दोरा अजून लोंबतोय.

मृणाल दारातून विचारते, ओव्हन लावू का. विदुला उठते आणि ते ओलं बटण लेकीच्या तळहातावर ठेवते.

"तुझे बाबा मला मारायचे," ती म्हणते. "आणि मी पाहुण्यांना खायला नेऊन द्यायची."

मृणाल बटण मुठीत घट्ट धरते. मग स्वतःच फोन उचलते आणि हर्षदला सांगते, येऊ नकोस.