चाळणीचा मुकुट

शनिवार, ७ मार्च. आज आयर्लंडमधल्या कॉर्कच्या आमच्या मराठी मंडळाचे नाटकाचे कपडे खोक्यांत भरायचे होते. ते सगळे सुधीरच्या घरी असत, आणि सुधीरला जाऊन सहा आठवडे झाले. त्याची बायको मीनल महिनाअखेरीस घर सोडून मुलीकडे डंडॉकला चालली आहे. मी टेप आणि मार्कर घेऊन गेले. रडणं कधीही उरकता येतं, खोकी भरायला शनिवारच मिळतो.

हॉलमध्ये ती चित्रं अजून होती. सुधीर सॉफ्टवेअरमधला माणूस, पण किलकेनीला जुन्या सामानाच्या लिलावात त्याला दोनशे वर्षांपूर्वीची फ्रेंच छापील चित्रं मिळाली, हाताने रंगवलेली, आणि तो त्यांच्या नादी लागला. त्याच्या आवडत्या चित्रात एक लठ्ठ राणी आहे. मुकुटाऐवजी चाळण, राजदंडाऐवजी पळी, आणि बेशुद्ध पडता पडता बाई मागे वळून बघतेय, खुर्ची जागेवर आहे ना. "हे काय ध्यान?" मी पहिल्यांदा विचारलं होतं. "विडंबन आहे, बाईसाहेब. पॅरिसमध्ये मोठ्या थिएटरात शोकांतिका गाजली, की थोड्याच दिवसांत छोट्या थिएटरवाले तिची टर उडवायचे. फसलेल्या नाटकाची टर कोण उडवणार? ते कुणाला आठवतंय?"

हीच रीत त्याने आमच्याकडे आणली. दिवाळीला मीनल गंभीर नाटक बसवायची, मुख्य भूमिका तिचीच, आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात सुधीर तिचीच साडी नेसून त्याची चिरफाड करायचा. एका वर्षी ती विषाचा पेला हातात धरून बराच वेळ बोलत राहिली होती. सुधीर चहाचा मग घेऊन आला आणि तेवढाच वेळ साखर ढवळत राहिला. मीनल पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसायची, हसायची नाही. घरी जाताना मात्र गाडीत विचारायची, "एवढी लांबते का रे मी?" पुढे पुढे मंडळात असं झालं, की सुधीरने विडंबन केलं नाही तर नाटक फसलं असंच लोक धरायचे. मीनलही धरायची.

गेल्या दिवाळीचं नाटक तिचं सगळ्यात मोठं. संक्रांतीला सुधीर हॉस्पिटलमध्ये होता... विडंबन झालं नाही.

शालूंच्या घड्या घालता घालता तिने विचारलं, "पाडव्याला काय ठरलंय तुमचं?"

"सुधीरसाठी दोन मिनिटं शांतता. मग भजन."

"आणि माझं नाटक?"

"आता तुझी टिंगल कोण करणार, मीनल? कुणाची हिंमत व्हायची नाही."

"म्हणजे फसलं."

ती खुर्चीवर चढली आणि प्रेसच्या – इथे कपाटाला प्रेसच म्हणतात – वरच्या फळीवरून एक पिशवी काढली. आत स्टीलची चाळण. कडेला सोनेरी कागदाची टोकं चिकटवलेली, हनुवटीखाली बांधायला जुन्या पर्सचा पट्टा. "एवढंच झालं त्याच्याकडून. मग ताप यायला लागला." ती खाली बसली. चेहरा इतका थकलेला, की मी विषय बदलणार होते. गेली कित्येक वर्षं मी चहा, खुर्च्या आणि पडदा एवढंच बघत आले आहे. स्टेजवर पाऊल टाकलेलं नाही.

"दे इकडे," मी म्हटलं.

"तू? तुला धड हसता येत नाही."

"आणि तुला धड बेशुद्ध पडता येत नाही. दिवाळीच्या नाटकात तीनदा पडलीस, दर वेळी आधी साडी सावरून."

तिने चाळण माझ्या मांडीवर ठेवली. "चारदा पडले. टिंगल करायची तर नीट बघून करावी. तो बघायचा."

उरलेली खोकी आम्ही भरली. नाटकातला हिरवा शालू तेवढा माझ्यासाठी बाहेर ठेवला.

रविवार, ८ मार्च. सकाळी मी पट्टा दोन टाके घालून आत घेतला, सुधीरचं डोकं माझ्यापेक्षा बरंच मोठं होतं. चाळण बांधली, टीपॉय भिंतीला लावला, खुर्ची मागे आहे ना हे वळून बघितलं आणि गालिच्यावर पडले. गुडघा चांगलाच आपटला. स्वयंपाकघरातून नवऱ्याने विचारलं, "काय पडलं गं?"

मी साडी सावरली आणि परत पडले.