विंडोजवर न चालवलेला कोड

केंब्रिजमधली माझी नोकरी टिकली ती आमच्या टीममधल्या नागपूरच्या ताईंमुळे, हे आधी सांगते. पुढचं लिहिताना लेखणी अडखळेल.

मी अकरावीत शिक्षण सोडलेलं. लग्न होऊन इकडे आले, घरी बसून प्रोग्रामिंग शिकले, आणि कशी कोण जाणे, नोकरी लागली. टीममध्ये सगळे पदवीधर, दोघं तर पीएचडी. कुणी युनिव्हर्सिटीचा विषय काढला की मी केटल लावायला उठायचे.

आमचं सॉफ्टवेअर विंडोज, मॅक आणि लिनक्स, तिन्हींवर चालतं. बराचसा कोड सामायिक. पण जिथं ऑपरेटिंग सिस्टिमशी थेट गाठ पडते, तिथं प्रत्येकीचा फोल्डर वेगळा. फाइल सेव्ह करण्याचा कोड तिन्ही फोल्डरांत होता, जवळजवळ सारखाच. मला वाटलं, कुणीतरी आळसानं कॉपी-पेस्ट केलंय. प्रोबेशनचा शेवटचा महिना होता, काहीतरी करून दाखवायचं होतं. मी तिन्हींचं एक करून सामायिक फोल्डरमध्ये टाकलं. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर मस्त चाललं.

कोड तपासायला, म्हणजे रिव्ह्यूला, ताईंकडे गेला. त्यांनी विचारलं, "विंडोजवर चालवून पाहिलंस ना गं?"

"हो," मी म्हणाले.

नव्हतं पाहिलं. विंडोजचं मशीन कोपऱ्यात होतं, त्यावर कोड बिल्ड कसा करायचा, म्हणजे त्याचा चालणारा प्रोग्रॅम कसा बनवायचा, ते मला येत नव्हतं, आणि पाच महिने झाल्यावर ते विचारायची लाज वाटत होती.

नवी आवृत्ती बाहेर गेली आणि दोन दिवसांत तक्रारी सुरू. दुसरा प्रोग्रॅम फाइल वापरत असला तरी लिनक्स ती बदलू देतं. विंडोज बऱ्याचदा अडवतं. म्हणून विंडोजच्या फोल्डरात चार ओळी जास्त होत्या, जरा थांबून पुन्हा प्रयत्न करणाऱ्या. त्या मी फालतू म्हणून काढल्या होत्या. लोकांचं काम सेव्ह होत नव्हतं.

मीटिंगमध्ये मॅनेजरनं विचारलं, हे विंडोजवर कुणी तपासलं होतं?

ताई म्हणाल्या, "रिव्ह्यू माझा होता. मीच चालवून पाहायला हवं होतं."

माझ्या त्या 'हो'बद्दल एक अक्षर नाही. आणि मी? मी वहीत रेघोट्या मारत बसले.

दुपारी त्यांनी मला कोपऱ्यातल्या मशीनसमोर बसवलं. "तीन घरांच्या तीन चुली बघून एकच ठेवलीस होय! काहून नाही विचारलं?"

"तुम्हाला वाटलं असतं, हिला एवढंही येत नाही."

"मग? येत नव्हतंच ना!" त्या हसल्या. मला हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही तिन्ही फोल्डर पूर्ववत केले, आणि बिल्ड कसा करायचा ते त्यांनी माझ्याकडून दोनदा करून घेतलं.

प्रोबेशन पार पडलं. पुढच्या आवृत्तीची जबाबदारी ताईंकडे येणार होती, सगळ्यांनाच माहीत होतं. ती दुसऱ्याला दिली. त्याचं कारण कुणी सांगितलं नाही. मला मात्र कळलं. त्या दिवशीही मी केटल लावायला उठले.

ताई, विचारल्यावर खोटं मी बोलले होते. हे अजून मी फक्त कागदावर लिहू शकतेय. पण एक दिवस त्याच खोलीत, त्याच माणसांसमोर हे बोलेन, आणि तुमच्या माथी बसलेली ती चूक माझ्या नावावर घेईन. आज धीर होत नाही. पण घेईन.